रेडवूडच्या रानातली आंबुशी

"या नेच्याला इकडे सोर्ड फर्न म्हणतात. हरलेल्या सैन्यानं तलवारी पुरल्या, त्या अशा उगवल्या," मी दामलेबाईंना सांगितलं.

मुलगा-सून कामावर गेली की कॅलिफोर्नियातल्या या रेडवूडच्या रानात मी रोज एकटाच फिरतो. आज कित्येक महिन्यांनी मराठी बोलणारं माणूस भेटलं होतं. लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या बाईंनी झाडाझुडपांची नावं विचारली, आणि त्यांनी लगेच परत फिरू नये म्हणून मी प्रत्येक नावाला एक थाप जोडत गेलो.

"ती हकलबेरी तुटक्या खोडावर कशी उगवली?"

"अस्वलाला भिऊन चढली. उतरायचं राहिलं."

"केळुसकर, मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलंय," त्या हसत म्हणाल्या. मी खजील झालो. आता या जाणार. पण त्यांनी पायाशी बोट दाखवलं. "आणि हे?"

तीन पानांचं इवलंसं रोप होतं. मी पान चावलं. तीच आंबट चव. थाप काही सुचेना.

"ही आपल्या आंबुशीची बहीण," मी म्हणालो. "आमची ही होती तेव्हा आंबुशीची चटणी करायची."

बाई शेजारच्या ओंडक्यावर टेकल्या. "आता त्यांची गोष्ट सांगा. खरी असली तरी चालेल."