जोडताऱ्यांची वही

"काका, या एका जोडीत काहीतरी गडबड आहे," नीलिमा म्हणाली आणि तिने दोन वह्या दत्तारामांपुढे सरकवल्या.

भाईंदर पश्चिमेच्या त्या दोन खोल्यांत रविवारची दुपार होती. आकाशप्रेमी मंडळाची नीलिमा दत्तारामांची नऊ वर्षांची निरीक्षणं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला आली होती. ही निरीक्षणं जोडताऱ्यांच्या मोठ्या यादीत जायची होती. आपल्या हातून आयुष्यात एवढंच काय ते धड झालं, असं दत्तारामांना वाटे.

जोडताऱ्याचं वर्णन दोन आकड्यांत होतं. ठळक तारा तो अ, मंद सोबती तो ब. ब हा अ पासून उत्तरेशी किती अंशांवर, आणि किती दूर. गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावून दत्ताराम हे आकडे सांगत. उजेडाकडे पाहिलं की अंधाराला सरावलेली नजर जाते, म्हणून ते मागे वळत नसत. मागे पाण्याच्या टाकीपाशी, लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात त्यांच्या पत्नी अनसूयाबाई लिहीत. ताऱ्यांचा क्रम ठरलेला. "लिहिलं," असं मागून आलं की दुर्बीण पुढच्या जोडीवर.

"बाकीच्या जोड्या शंभर वर्षांत जेमतेम हलतात," नीलिमा म्हणाली. "पण कन्या राशीतली ही जोडी दोन हजार पाच साली एकमेकांना अगदी जवळून वळसा घालून गेली. सोबती आता पार दुसऱ्या बाजूला आहे. तुमच्या गेल्या वर्षीच्या वहीत मात्र तो जिथल्या तिथे. दोनशे एकोणसाठ अंश. दोन हजार साली होता तेवढाच."

"छे! दुसऱ्या बाजूला मी स्वतः पाहिलाय. सांगताना आनंदाने आवाज कापत होता माझा. आणि ही म्हणाली, लिहिलं."

नीलिमाने पानं उलटली. "काका, सगळंच तसं आहे. शेवटच्या दोन वर्षांचे आकडे जुन्या वहीतून उतरवलेत. दशांशासकट." जरा घुटमळून तिने विचारलं, "काकूंना कमी ऐकू यायचं का हो?"

"नाही, नाही. लक्ष नसायचं तिचं."

घरात तशी बोलाचाल कमीच. ती बोले, ते पुस्तकाआडून मान हलवत. गच्चीवर एकदा ती म्हणाली होती, "अहो, परत सांगा ना." मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ते दुर्बिणीवरून डोळा न काढताच खेकसले होते, "कानात बोळे घातलेस का?" त्यानंतर तिने कधी परत विचारलं नव्हतं.

डिसेंबरात बाजारातून येताना रिक्षाने तिला मागून उडवलं, त्यातच ती गेली. रिक्षावाला रडत होता. "चाचा, कसम से, तीन बार हॉर्न मारा." चारचौघांसमोर दत्तारामांनी त्याला खोटारडा म्हटलं होतं.

नीलिमाला त्यांच्याकडे बघवेना. ती कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, "ही दोन वर्षं गाळावी लागतील, काका. शेऱ्यात कारण द्यावं लागतं. लिहिणाऱ्याची चूक, एवढंच टाकू?"

दत्तारामांनी वही जवळ ओढली. गोल, शाळकरी अक्षर. ओळीला ओळ लागलेली, कुठे एक खाडाखोड नाही.

"नको," ते म्हणाले. "निरीक्षकाला दिसलं नाही, असं लिहा."