वयाचा रकाना

पेठ वडगावच्या मंडळाला गावातल्या सगळ्यांत वयस्क बाईचा सत्कार करायचा होता. गावकऱ्यांच्या एक्सेलच्या यादीतून नाव शोधायला मंडळाच्या संघप्रियानं कॉम्प्युटरवर छोटी स्क्रिप्ट लिहिली, पण नव्वदी ओलांडलेल्या बयाबाई तिला काही केल्या सापडेनात. दोन तास डोकं खाजवल्यावर दिसलं, बयाबाईंच्या वयाच्या रकान्यात कुणीतरी आकड्याऐवजी 'लई झालं' असं टाइप केलं होतं.

ती थेट त्यांच्या दारात गेली. "आज्जी, गावातल्या म्हातारीचा सत्कार हाय. नेमकं वय सांगा की."

"म्हातारी कुणाला म्हणतीस गं? चोवीस लिही!"

संघप्रियानं मुकाट्यानं चोवीस लिहिलं. स्क्रिप्ट विनातक्रार चालली.

संध्याकाळी त्याच यादीवरून लग्नाच्या वयाच्या सगळ्यांना वधू-वर मेळाव्याचे मेसेज गेले, आणि पाच मिनिटांत बयाबाईंचा फोन आला, "व्हय गं, पोरगं काय करतंय?"