ज्युदासचा सदरा

"दरवर्षी ज्युदासला कपडे माझ्याच घरचे! बाकीची गल्ली उघडी फिरते काय?" ओबदुलिया कुरकुरली.

येशूला दगा देणाऱ्याचा कागदी बाहुला खांद्यावर घेऊन क्रिस्पीन दारात उभा होता. उद्या तो चौकात जाळायचा होता. खाणीतल्या संपात क्रिस्पीनच्या भावाला पकडून नेल्यापासून ती त्याच्या नजरेला नजर देत नसे.

या वेळी तिनं नवऱ्याचा जुना सदरा काढलाच नाही. गाव सोडून गेलेल्या मुलाचा, लिब्रादोचा, कोरा सदरा आणला.

"मावशी, जुनाच दे की."

ती बाहुल्याला सदरा चढवून एकेक बटण लावत राहिली. "ज्युदास म्हणजे दगाबाज, हे पुढचं. आधी ते कुण्या आईनं हौसेनं ठेवलेलं नाव होतं रे."

"राहू दे ना, मावशी."

"तुझ्या भावाचं नाव पोलिसांना माझ्या लिब्रादोनंच सांगितलं, क्रिस्पीन."