भिवराचं बारसं

मालतीआत्या रिकाम्या पाळण्यातल्या माईकवर वाकून कुजबुजल्या, "कुर्रर्र... भिवरा!" लगेच बायकांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीत दणादण बुक्के घातले.

"अगं, हळू! मोडाल मला!"

"वन्सं, माईक चालूच होता," उमावहिनी म्हणाल्या. "बुक्केसुद्धा गेले वर."

वर म्हणजे मंगळाच्याही पलीकडे, आत्यांच्या भावानं शोधलेल्या लघुग्रहावर. श्रीधर त्याचं नाव ठेवण्याआधीच गेला, म्हणून मान आत्याचा. तिथलं यंत्र ते नाव खडकात घुमवणार होतं. घुमून परत आलं, तर नाव पक्कं आणि खडक कुणी फोडायचा नाही. आतच विरलं, तर उद्यापासून खाण सुरू.

"पण भिवरा कोण हो?" एका शेजारणीनं आत्यांना विचारलं.

"आमची आई. लग्नात तिची सुशीला केली. पुन्हा भिवरा म्हणून कुणी हाकच मारली नाही. श्रीधरला ते फार लागायचं."

चहा झाला. कप विसळून झाले. स्पीकर गप्पच होता. आत्यांनी पाळण्याची दोरी सोडली नव्हती.

मग फडताळातली भांडी थरथरली. खूप खोलातून, सावकाश आवाज आला, "कुर्रर्र..." आणि पाठोपाठ, "भिवरा." शेवटी बुक्के आले, दूर डोंगरात गडगडावं तसे.

उमावहिनींनी नकळत हात जोडले. पृथ्वीही नव्हती तेव्हापासून मुका असलेला दगड आईला माहेरच्या नावानं हाक मारत होता.

मालतीआत्या उठून उभ्या राहिल्या आणि आईच्या वतीनं त्यांनी ओ दिली.