आसरांचा पेला

"एवढं शिकून शेवटी हेच? लहानपणी वाळूत फिरवायचीस, आता पाण्यात!" आई हसली.

बरणीच्या काचेला मी चुंबक लावलं होतं, बाबांच्या मोडक्या रेडिओतलं. नदीच्या वाळूत ते फिरवलं की त्याला काळ्या कणांची दाढी उगवायची. आज बरणीत आमच्या विहिरीचं पाणी होतं आणि त्यात मी प्रयोगशाळेत बनवलेली काळी पूड. कोळंबीच्या सालांतून काढलेल्या पदार्थात लोहाचे अतिसूक्ष्म कण गुंफलेले. पाण्यातलं शिसं त्या पुडीला चिकटतं आणि पूड चुंबकाकडे धावते.

जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या कारखान्यामुळे पाण्यात शिसं निघालं, तेव्हापासून विहिरीवर लाल फुली होती. बाळंतपणानंतर विहिरीवर, पाण्यात राहणाऱ्या साती आसरांची पूजा करून तिथलंच पाणी प्यायचं, ही आमच्याकडची रीत. माझी लेक रांगायला लागली, तरी आई त्याच पाण्यासाठी अडून बसलेली. "नळात कुठल्या आल्यात आसरा?"

निवळलेल्या पाण्याचा नमुना मी तपासायला पाठवला. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. "पी गं बिनधास्त."

आईनं विहिरीच्या कठड्यावर हळदकुंकू वाहिलं, खणानारळानं ओटी भरली. लेकीला कडेवर घेऊन मी निवळलेल्या पाण्याचा पेला ओठांशी नेला, तोच आईनं तो माझ्या हातातून काढला आणि सगळा विहिरीत ओतला.

"अगं आई!"

"आधी त्यांना," ती म्हणाली. "बिचाऱ्या इतकी वर्षं तसलंच पीत होत्या."