साळुंकीचं पीस

युरोपातल्या सरदार घराण्यांच्या ढालींवरच्या चिन्हांचे जाडजूड जुने कोश चाळायचे आणि कोणी खोटं चिन्ह लावून मोठेपणा मिरवला ते शोधून काढायचं, हा सिंगापुरात शिकणाऱ्या ऋग्वेदाचा पीएचडीचा विषय. असे चाळीस लबाड तिने पकडले होते.

आज मात्र क्लेमेंटीतल्या भाड्याच्या खोलीत तिचं एकाही पानावर लक्ष लागेना. होणाऱ्या नवऱ्याच्या, संग्रामच्या आईंचा साताऱ्याहून फोन यायचा होता, लग्नाआधी कुळाचं देवक विचारायला. दोन्हीकडचं देवक एकच निघालं, तर मुलगा-मुलगी बहीण-भाऊ ठरतात आणि सोयरीक मोडते. संग्रामकडचं देवक साळुंकीचं पीस. तिच्याकडचंही तेच.

खोटं सांगावं, तर त्या चाळिसांत आणि तिच्यात फरक काय उरला? फोन वाजला तशी ती ताडकन उभी राहिली.

"काकू, आमचंही साळुंकीचंच पीस आहे."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.



"गुरुजींना मोराचं सांग," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या लग्नात मीही तेच सांगितलं होतं."