तक्रारदाराचं नाव

“त्या तक्रारदाराचं नाव सांगा, घरी जाऊन हजेरी घेतो!” शिंपीकाका गच्चीवर तणतणत होते. दूर राहणाऱ्या लेकीचा आवाज स्वच्छ यावा म्हणून त्यांनी मोठ्या हौसेनं सिग्नल वाढवणारा डबा बसवला होता. तेव्हापासून मोबाइलवर दांड्या पूर्ण दिसायच्या, पण तिचा फोन काही लागेना. “काका, हा बिनपरवान्याचा डबाच टॉवरच्या कानाशी बोंबलतोय. त्या गोंगाटात गल्लीतल्या कुणाचंच बोलणं त्याला ऐकू येत नाही,” मोबाइल कंपनीकडे आलेल्या तक्रारीवरून तपासणीला आलेल्या तपासनीस बाई म्हणाल्या. बाईंनी वायर काढली. दांड्या भराभर उतरल्या, तसा काकांचा चेहराही उतरला. तेवढ्यात हातातला मोबाइल वाजला. “बाबा, लागला एकदाचा! तक्रारी करकरून कंपनीचं डोकं खाल्लंय मी!” मनसोक्त बोलून काकांनी स्वतःच डबा काढून बाईंना दिला. “उपकार झाले तुमचे, बाई. आणि त्या तक्रारदाराचं नाव आता राहू द्या. ते मीच ठेवलंय.”